स्ट्राउडांच्या खिडकीतला काळा तुकडा

मी एक जुना दात आहे.

मित्रांनो, हे वाक्य मी मोठ्या ठामपणे बोललो खरा, पण ते अजून सिद्ध झालेलं नाही. माझ्याबद्दल तीन मतं आहेत. डेलमार स्ट्राउड म्हणतो की मी मेगालोडॉन नावाच्या बोटीएवढ्या शार्कचा दात आहे. त्याची बायको इमोजीन म्हणते की मी दगड आहे. आणि बरणीत माझ्या शेजारी राहणारा समुद्रगायीच्या बरगडीचा तुकडा म्हणतो की मी त्याचा चुलतभाऊ आहे. माझं स्वतःचं मत डेलमारसारखंच आहे, कारण तिघांत ते जास्त रुबाबदार आहे.

दिसायला मी अंगठ्याएवढा, काळा आणि गुळगुळीत. टोक नाही. मूळ नाही. चकाकी नाही. काठावर करवतीसारखी धार नाही. दाताला ज्या ज्या खुणांनी दात म्हणून ओळखतात, तेवढ्या सोडल्या तर माझ्यात काहीही कमी नाही. एका अंगाला उथळ खळगा आहे आणि एका काठाला तीन बारीक खाचा आहेत. माझी मालमत्ता एवढीच.

मला कुठल्या कारखान्यात घडवलं नाही की कुठल्या सुताराने माझ्यावर रंधा मारला नाही. मी एका तोंडात उगवलो. शार्कच्या जबड्यात दात तिकिटाच्या खिडकीपुढे उभे राहावेत तसे एकामागे एक रांगेत उभे असतात. पुढचा पडला की मागचा सरकतो. आपला नंबर येईपर्यंत काही काम नसतं. माझा नंबर आला तेव्हा आमच्या माशाने एका देवमाशाचा लचका तोडला, आणि त्या लचक्यात सर्वांत पुढे मी होतो, असं मी बरणीत नेहमी सांगतो. खरं म्हणाल तर तो घास मला नीटसा आठवत नाही. माझी नोकरी जेमतेम तीन आठवड्यांची. मग मी हललो, पडलो आणि समुद्राच्या तळाशी चिखलात जाऊन निवृत्त झालो. ही निवृत्ती पन्नास लाख वर्षं चालली.

आत गेलो तेव्हा पांढरा होतो, चिखलाने मला काळा केला. मग कधीतरी तळ उकरला गेला, लाटांनी मला बाहेर काढलं आणि घासायला घेतलं. जन्मभर (म्हणजे तीन आठवडे) दुसऱ्याला चावणाऱ्याला शेवटी समुद्राने चावून काढलं. आधी टोक गेलं, मग मूळ गेलं, मग धार गेली. मी तक्रार केली नाही. करायला तोंड नव्हतं, ते माशाबरोबर गेलं होतं.

मला डेलमारने उचललं ते साल एकोणीसशे ऐंशी. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर साल्टर्स पॉइंट नावाचं गाव आहे. फेब्रुवारीतल्या वादळाने तिथला किनारा उलटापालटा करून टाकला होता. अशा सकाळी सगळं गाव लांब दांड्याच्या जाळीच्या टोपल्या घेऊन उथळ पाण्यात वाळू चाळत असतं. त्या टोपलीला तिथे बर्फाचं फावडं म्हणतात. त्या गावात बर्फ कधीच पडत नाही. जो काही बर्फ गावात होता, तो मासळीसाठी कारखान्यात तयार होत असे आणि त्या कारखान्यात सत्तावीस वर्षांचा डेलमार कामाला होता.

इमोजीन धक्क्यावरच्या खानावळीत कॉफी आणि कोळंबी वाढायची. त्या सकाळी दोघं पाण्याच्या काठाने चालत होते.

"इमो, माझ्याशी लग्न करशील?" डेलमारने विचारलं.

"तुझ्याकडे आहे काय? एक ट्रक. त्यालाही एकच दार."

"दुसरं दार येतंय."

"तीन वर्षं झाली, येतंयच."

तेवढ्यात डेलमार गुडघ्यावर बसला. इमोजीनला वाटलं, आता अंगठी निघणार. निघालो मी.

"मेग!" तो ओरडला. मेगालोडॉनला त्या गावात लाडाने मेग म्हणतात. "इमो, मेगचा दात! बघ, आता माझ्याकडे दोन वस्तू झाल्या!"

तिने मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"डेलमार, हा दगड आहे."

"दात आहे."

"दगड."

"दात आहे गं. हा बघ, इथे काठ आहे."

"काठ बादलीलाही असतो." ती हसायला लागली. "बरं, असं करू. डॉक्टर पिकेटनी हा दात म्हणून वहीत लिहिला, की त्या दिवशी मी तुला हो म्हणेन. चालेल?"

"चालेल," डेलमार म्हणाला. मित्रांनो, या एका शब्दाने पुढची त्रेचाळीस वर्षं घोटाळा केला.

डॉक्टर पिकेट हे गावचे दंतवैद्य. आठवडाभर ते माणसांचे दात बघायचे आणि शनिवारी दुपारी धक्क्याच्या छपराखाली घडीचं टेबल मांडून माशांचे. शनिवारचे पेशंट ओरडत नाहीत, म्हणून त्यांना शनिवार जास्त आवडायचा. लोक आपापल्या खिशातून तुकडे काढून टेबलावर ठेवायचे. डॉक्टर भिंग लावायचे, नख फिरवायचे, तुकडा आपल्याच पुढच्या दातावर टक्कन वाजवून बघायचे आणि सांगायचे. कधी टायगर शार्क, कधी लेमन शार्क, तर कधी कासवाच्या पाठीचा तुकडा. मग ते एका जाड वहीत तीन रकाने भरत: काय आहे, कोणाला सापडलं, कोणी ओळखलं. ज्याचं नाव वहीत चढलं तो तुकडा घरी जायचा.

ज्याला नाव मिळालं नाही, तो टेबलाखालच्या निळ्या बादलीत. सूर्य बुडायच्या वेळी जमलेल्यांनी बादलीतून एकेक मूठ घ्यायची आणि तुकडे परत समुद्रात फेकायचे. "समुद्राचं अजून चावून व्हायचंय," असं म्हणायचं आणि फेकायचं. साल्टर्स पॉइंटमध्ये लोक रविवारची प्रार्थना बुडवतील, पण हा नियम मोडणार नाहीत. बिननावाचा तुकडा घरात ठेवला तर समुद्र तो मागायला येतो, असं तिथे मानतात. तिथे दर दोन वर्षांनी वादळ येतं, त्यामुळे या समजुतीला पुरावेही भरपूर मिळतात.

आता डेलमारची अडचण लक्षात घ्या. मला टेबलावर नेलं आणि दात ठरलो, तर इमोजीनचा होकार. नाव मिळालं नाही, तर मी समुद्रात आणि होकारही माझ्याबरोबर समुद्रात. त्याने बराच विचार केला आणि एक शूर निर्णय घेतला. तो गेलाच नाही.

इमोजीनने सहा महिने वाट पाहिली. मग एक दिवस तिनेच चर्चमधली तारीख ठरवली, त्याला सांगितली आणि येताना ट्रकचं दार बसवून ये म्हणाली. लग्नात पाद्रीबुवांनी विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. पण डेलमारच्या मते ते पाद्रीबुवांना. त्याला ती अजून हो म्हणालेली नव्हती. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी तो केक कापताना म्हणायचा, "इमो, तुझं ते एक हो राहिलंय हं." ती म्हणायची, "आधी दात आण." मग दोघं केक खायचे. या राहिलेल्या होकारावर त्यांनी एक घर बांधलं, लॉर्ना नावाची मुलगी वाढवली आणि तीन कुत्रे पाळले.

माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीत, एका काचेच्या बरणीत. तिथेच मला तो बरगडीचा तुकडा भेटला. समुद्रगाय हा प्राणी मी पाहिलेला नाही, पण तो आयुष्यभर पोटावर लोळून पाण्यातलं गवत खातो, एवढं मला ठाऊक होतं. मी त्या तुकड्याला गवतखाऊ म्हणायचो. तो बिचारा एवढंच म्हणायचा, आपण चुलतभाऊ. सकाळ संध्याकाळ मी त्याला देवमाशाच्या लचक्याची गोष्ट सांगायचो. दर वेळी देवमासा थोडा मोठा व्हायचा.

मी रिकामा मात्र बसलो नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात इमोजीन आंब्याची पाई करत होती. त्या गावात परसापरसात आंबे आहेत. पाईच्या पिठाच्या कडा दाबायला तिला खायचा काटा हवा होता. घरात दोन काटे होते आणि दोन्ही डेलमारने ट्रकच्या नव्या दाराला अडकवून ठेवले होते, कारण त्यांच्याशिवाय ते दार टिकत नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, बरणीत हात घातला, मला धुतलं आणि माझ्या खाचांनी पाईची कड दाबली. तीन रेघा, मग एक बोट. तीन रेघा, मग एक बोट. कड इतकी देखणी झाली की काटे परत आल्यावरही तिने ते वापरले नाहीत. दर शुक्रवारी मी पाईवर आणि दर शनिवारी ती पाई डॉक्टरांच्या टेबलावर. माझ्या अंगावरचा खळगा समुद्राने दिला की तिच्या अंगठ्याने, हे आज मलाही सांगता येणार नाही.

"त्या दगडाने पाई करतेस आणि वर दगड म्हणतेस," डेलमार चिडवायचा.

"दगडच बरा. दात म्हटलं तर खाईल का कोणी?"

डेलमार मात्र या वर्षांत तुकडे ओळखण्यात पटाईत झाला. डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा. नवख्यांना समजवायचा, "चकाकी शोधा. दाताला काचेसारखी चकाकी असते, झिजला तरी कुठेतरी उरते. लाकडासारख्या रेघा दिसल्या तर हाड. काहीच दिसलं नाही तर हट्ट करू नका, बादली आहे." कित्येकांचे लाडके तुकडे त्याने स्वतः समजूत घालून बादलीत टाकले. एकदा एक म्हातारी आपल्या बिननावाच्या तुकड्यासाठी रडली. तेव्हाही तो तिच्याजवळ बसून राहिला, तिला पाई दिली, पण तुकडा बादलीतच गेला. दुसऱ्यांच्या तुकड्यांना तो भिंग लावायचा. मला त्याने कधी चष्मासुद्धा लावला नाही.

मग मागच्या वर्षीचं वादळ आलं. घराचं अर्धं छप्पर शेजाऱ्यांकडे गेलं आणि शेजाऱ्यांची कोंबडी आमच्याकडे आली. डेलमारचे गुडघे बर्फाच्या कारखान्याने आधीच खाल्ले होते. त्याला आता शिडी चढवत नव्हती. लॉर्ना नेब्रास्कात राहते, जिथून कुठलाही समुद्र गाठायला दोन दिवस गाडी हाकावी लागते. तिचा फोन आला. "बाबा, पुरे आता. तुम्ही दोघं इकडे या." डेलमारने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "तिकडे निदान खराखुरा बर्फ बघायला मिळेल."

इमोजीनने सामान बांधायला घेतलं. तिचा नियम साधा होता. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावायची आणि खोक्यात फक्त चिठ्ठीवर लिहिलेलंच जाईल. चादरी. कपबश्या. दात. डेलमारने मला अलगद दातांच्या खोक्यात ठेवलं. तिने मला बाहेर काढलं.

"या खोक्यावर दात लिहिलंय."

"म्हणून तर ठेवला."

"हा दगड आहे. दगडांचं खोकं नाही माझ्याकडे."

"मग एक कर."

"नेब्रास्कात दगड नाहीत का? इथून वाहून नेऊ?" मग ती खुर्चीवर बसली. आवाज जरा खाली आला. "डेलमार, उद्या शनिवार आहे. परवा आपण निघणार. एकदा ने त्याला डॉक्टरांकडे. त्रेचाळीस वर्षं झाली. मलाही कळू दे ना."

दुसऱ्या दिवशी डेलमारने मला शर्टाच्या खिशात घातलं आणि काठी टेकत किनाऱ्यावरून धक्क्याकडे निघाला. खिसा छातीवरचा होता, त्यामुळे मला आतली धडधड ऐकू येत होती. मध्येच तो थांबला, खिशाकडे मान वाकवून बोलला. "हे बघ. तू दगड निघालास तर ती त्रेचाळीस वर्षं खरं बोलत होती. ते मी सोसेन. पण बादलीत गेलास तर तिकडे नेब्रास्कात माझ्याजवळ या किनाऱ्याचं आमचं दोघांचं असं काहीच राहणार नाही. बाकीचे दात मला एकट्याला सापडलेत. तू तेवढा दोघांना." मी शक्य तितका दातासारखा राहिलो.

टेबलाभोवती दहाबारा माणसं होती. सर्वांत पुढे लुएला क्रॅबट्री, जिच्याकडे गावातलं सर्वांत महागडं बर्फाचं फावडं आणि सर्वांत मोठा आवाज आहे.

"अगं बाई! डेलमार आला दात दाखवायला! डॉक्टर, भूल द्या त्याला आधी!"

इमोजीन पाई घेऊन आधीच येऊन बसली होती. डेलमारने मला टेबलावर ठेवलं. डॉक्टर पिकेट आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. कॉफीचा कप धरताना त्यांचा हात थरथरतो, पण दात धरला की थांबतो.

"दुखतोय का?" त्यांनी मला विचारलं. हा विनोद ते दर तुकड्याला, दर शनिवारी करतात. कोणी हसत नाही. त्यामुळे त्यांचं काही अडत नाही.

"मेग आहे, डॉक्टर," डेलमार म्हणाला.

"मेगच असणार. या गावात साध्या माशाचा दात सापडलाय कोणाला?"

त्यांनी मला उन्हात धरलं, पाण्यात बुडवलं, ओठाला लावलं आणि मग आपल्या दातावर वाजवलं. टक्. पुन्हा, टक्. "वजनदार आहे," ते म्हणाले. "आतून घट्ट. मला वाटतं, समुद्रगायीची बरगडी."

मित्रांनो, माझ्यावर आभाळ कोसळलं. समुद्रगाय! चाळीस वर्षं मी खिडकीत बसून देवमासे फाडत होतो आणि मी निघालो एका लोळणाऱ्या, गवत खाणाऱ्या जनावराची बरगडी! ज्याला हिणवलं तो सख्खा भाऊ! त्या क्षणी मला वाटलं, बरणीत परत जाऊन आधी त्याची माफी मागावी. मग आठवलं की बरणी आता खोक्यात आहे आणि तिच्यावर 'बरणी' अशी चिठ्ठी आहे. तिलासुद्धा नाव होतं.

डॉक्टरांनी भिंग लावलं. "नाही," ते सावकाश म्हणाले. "बरगडी नाही. रेघा नाहीत."

"म्हणजे दात!" डेलमारची काठी खाली पडली.

"चकाकीही नाही, डेलमार. असेल तर गेली. या तीन खाचा आहेत. मेगच्या काठाची राहिलेली धार असू शकते. वाळूने पाडलेल्याही असू शकतात."

"मग 'बहुतेक मेग' लिहा ना," लुएला म्हणाली. "उद्या चाललाय तो. एवढं काय?"

"वहीत बहुतेक हा शब्द नाही, लुएला. एकदा लिहिला की पुढच्या शनिवारी सगळं गाव बहुतेक होईल." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरला. "साठ वर्षं दात बघतोय मी. हा दात असेल तर यानं फार सोसलंय. आणि दगड असेल तर सोंग फार चांगलं वठवलंय. पण मला नाव देता येत नाही. माफ कर मला."

डेलमारने मान हलवली. त्याने मला उचललं. लुएला त्याच्या कानाशी लागून कुजबुजली. म्हणजे पलीकडच्या होड्यांना ऐकू गेलं. "खिशात टाक रे. कोण बघतंय?"

"चाळीस वर्षं दुसऱ्यांचे फेकले मी," तो म्हणाला. "त्या म्हातारीचाही." आणि त्याने मला स्वतःच्या हाताने बादलीत सोडलं.

बादलीत साठसत्तर तुकडे होते. सगळे काळे, सगळे गुळगुळीत, सगळे अंगठ्याएवढे. मी ओळख करून द्यावी म्हणून म्हणालो, "मी मेग." चहूबाजूंनी आवाज आले, "आम्हीही." बादलीत एकही साधा दगड नव्हता. मला आयुष्यात प्रथमच कळलं की मी इतरांपेक्षा वेगळा दिसत नाही.

सूर्य पाण्याला टेकला. लोक पाण्याजवळ उभे राहिले आणि बादली मध्ये आली. लुएलाचा हात आत शिरला, तिच्या अंगठ्या माझ्या अंगाला घासून गेल्या, पण मूठ भरली ती माझ्या शेजारच्या तुकड्यांनी. "समुद्राचं अजून चावून व्हायचंय," ती म्हणाली आणि तिने ते फेकले. मग दुसरी मूठ गेली. मग तिसरी. डेलमार पाठ करून उभा होता. त्याला बघायचं नव्हतं.

"थांबा," इमोजीन म्हणाली.

तिने पाई टेबलावर ठेवली, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि बादलीत हात घातला. बघत होती ती समुद्राकडे. बोटं आत चाचपत होती. एक तुकडा उचलला, सोडला. दुसरा उचलला, सोडला. तिसऱ्यावर क्षणभर थांबली, मग तोही सोडला. मग तिचा अंगठा माझ्यावर आला आणि खळग्यात बसला. जसा दर शुक्रवारी बसतो तसा.

"हा," ती म्हणाली, आणि मला बाहेर काढलं.

"कशावरून?" लुएला म्हणाली. "सगळे सारखेच तर आहेत!"

इमोजीन टेबलाकडे गेली आणि पाईच्या कडेवर एक जागा शोधून तिथे माझा काठ टेकवला. तीन खाचा तीन रेघांत अगदी बिनचूक बसल्या. डॉक्टर पिकेट वाकले. त्यांनी पाईला भिंग लावलं. दंतवैद्याने पाईला भिंग लावल्याचं जगातलं हे पहिलंच उदाहरण असावं.

"चाळीस वर्षं मी ही कड खातोय," ते हळूच म्हणाले.

"तोच आहे," इमोजीन म्हणाली. "आता वही उघडा."

"इमोजीन, तोच आहे हे खरं. पण नाव कुठंय त्याला? बिननावाचा परत नेता येत नाही, तुला माहितीय."

"नाव आहे. लिहा. स्ट्राउड."

"हे माशाचं नाव नाही गं."

"माशाला विचारलंय कोणी?"

मागून कोणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वही उघडली, पेन घेतलं आणि बराच वेळ लिहीत राहिले, कारण हातात आता दात नव्हता आणि हात थरथरत होता. मग त्यांनी नेहमीच्या आवाजात वाचून दाखवलं.

"काय आहे: स्ट्राउड. कोणाला सापडलं: डेलमार. कोणी ओळखलं: इमोजीन."

डेलमार केव्हाच वळला होता. नाक पुसायला रुमाल शोधत होता आणि रुमाल त्याच्या दुसऱ्याच हातात होता.

"इमो, पण ठरलं होतं की दात म्हणून लिहिलं तर. हे दात म्हणून नाही लिहिलं. नियमाने बघितलं तर…"

"डेलमार."

"काय?"

"हो."

लाटा येऊन डेलमारच्या बुटांवरून गेल्या.

"काय हो?" त्याने विचारलं.

"तू गुडघ्यावर बसून विचारलं होतंस ते. आता परत बसू नकोस, उठवायला चार माणसं लागतील. हो. आणि पाई खाऊन घ्या सगळे, रिकामं ताट मला आजच खोक्यात भरायचंय."

मित्रांनो, आता मी नेब्रास्कात राहतो. खिडकीबाहेर मक्याचं शेत आहे आणि हिवाळ्यात खराखुरा बर्फ पडतो. डेलमार तो जाळीच्या टोपलीने उपसायला गेला. सगळा बर्फ जाळीतून खाली पडला. साल्टर्स पॉइंटच्या फावड्याचा खऱ्या बर्फाशी हा पहिलाच सामना होता आणि तो बर्फाने जिंकला. आंबे इथे मिळत नाहीत, म्हणून शुक्रवारी सफरचंदाची पाई होते. तीन रेघा, मग एक बोट. बरगडीचा तुकडाही आला आहे. तो अजून म्हणतो की आपण भाऊ. मी हल्ली नाही म्हणत नाही. देवमाशाची गोष्टही सांगायची सोडली आहे. कधी तो फार आग्रह करतो तेव्हा सांगतो, पण देवमासा आता लहान झाला आहे आणि लचका तोडताना तोही माझ्याबरोबर असतो.

मी दात आहे की दगड, हे मला अजून ठाऊक नाही. पण एक विनंती आहे. तुमच्याही घरात एखादी झिजलेली, टोक गेलेली, चकाकी उडालेली वस्तू असेल. माणूसही असेल. काय आहे, कुठून आलं, काही ओळखू येत नाही, म्हणून तुम्ही ते टाकायला निघाल. टाका, माझी हरकत नाही. फक्त टाकण्याआधी एकदा डोळे दुसरीकडे करा आणि त्याच्यावर अंगठा ठेवून बघा.

बसला, तर ते तुमचंच आहे.